वरून वाढलेलं पाणी

भिमाबाईचं विसरणं घरात पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याची सुरुवात बोंबलाच्या कालवणापासून झाली. एकदा मीठ दोनदा पडलं, चार दिवसांनी पडलंच नाही. रामजीने ताट पुढे सरकवलं.

"आज काय, समुद्र उपसून आणलास?"

"मग जेवू नका," भिमाबाई म्हणाली. "आख्ख्या गावाला पानी सोडलंत, घरचा माठ कधी भरलात काय? कालवनाला नावं ठेवायला बरं जमतं."

हा टोमणा चाळीस वर्षांचा होता. रामजी ग्रामपंचायतीचा पाणीवाला. बोर्ली पंचतनहून चार-पाच मैलांवरच्या त्या गावात नळपाणी योजना आली तेव्हापासून तो निवृत्त होईपर्यंत गावाचं पाणी त्याच्या हातात होतं. पहाटे उठून पंप चालू करायचा, टाकी भरायची, मग हातभर लांबीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून वॉल्व्ह सोडत फिरायचं. आधी वरची आळी, मग मधली, मग कोळीवाडा आणि सगळ्यात शेवटी बौद्धवाडी. आपली वाडी शेवटी का, म्हणून भिमाबाई भांडायची. तो सांगायचा, आपण उतारावर आहोत, आपला वॉल्व्ह आधी सोडला तर वर थेंब चढणार नाही. तिला ते कधी पटलं नाही. ती चावी अजून त्यांच्या दारामागे उभी होती.

कालवणानंतर बाकीचं जायला लागलं. आज सकाळी काय खाल्लं ते गेलं. नातीचं लग्न गेलं, लग्नाचा फोटो दाखवला तर भिमाबाई म्हणाली, "पोरगी चांगली हाय, कोनाची?" मुलगा अजित न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरीला होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. एकदा तो जेवून गेला आणि ती विचारायला लागली, अजित शाळेतून आला नाही अजून? पुढे घराचा स्लॅब गेला. ती वर बघून म्हणायची, कौलं कुठं गेली? रामजी तिच्या शेजारी बसून एकेक गोष्ट परत सांगायचा. ती मान हलवायची आणि पाच मिनिटांनी परत विचारायची.

अलिबागच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. म्हातारपणी सगळ्यांचंच थोडं विसरायला होतं, पण हे तसं नाही. ह्यात नवं आधी जातं, जुनं शेवटी. लहानपणी मनात बसलेलं सगळ्यात खोल असतं, ते शेवटपर्यंत टिकतं.

रामजीला चित्र कळलं नाही, पण बोलणं कळलं. दर मे महिन्यात तो टाकी धुवायला आत उतरायचा. पाणी खाली खाली जायचं आणि शेवटी तळाचा गाळ उघडा पडायचा. घोट्याइतका, काळा, वास येणारा. वर्षभर गाव त्याच टाकीचं पाणी प्यायचं आणि कुणाला त्या गाळाचा पत्ता नसायचा.

परत येताना एसटीत तो एवढंच म्हणाला, "जयमाला, हिच्या तळाला काय हाय ते आपल्याला म्हाईत न्हाय."

जयमाला म्हणजे त्याची सून, गावातल्या अंगणवाडीची सेविका. ती म्हणाली, "चांगलंच असेल, बाबा. लहानपण कुणाचं वाईट असतं?"



मार्च महिन्यात भिमाबाईने ओट्याची पायरी चढणं सोडलं. बाहेर गेली की परत आत यायची नाही. खाली अंगणात, चपला काढतात तिथे, पदर आवळून उकिडवी बसायची. जयमाला हात धरायला गेली तर अंग चोरायची. जयमालाला वाटलं, गुडघे दुखत असतील. तिने मलम आणलं.

मग एक दिवस मधल्या आळीतली नीराबाई रस्त्याने चालली होती. ती कुणब्यांच्या घरची, भिमाबाईच्याच वयाची. रेशनच्या दुकानात दोघी आपापल्या सुनांची उणीदुणी काढत तास तास उभ्या राहायच्या. नीराबाईने हाक मारली, "काय गं भिमे, वळख हाय का गेली?"

भिमाबाई उठली आणि पार कुंपणाच्या काट्यांत जाऊन उभी राहिली. मान खाली.

"जा बाय, जा," ती म्हणाली. "मी लांब हाय. सावली न्हाय पडनार."

नीराबाई जागच्या जागी थांबली. तिने ओट्यावरच्या रामजीकडे बघितलं. तीही सत्तरीच्या पुढची होती, तिला कळलं होतं. ती मागे वळली आणि त्यानंतर तिने बाजारात जायला खालचा रस्ता धरला.

"कसली सावली, बाबा?" जयमालाने विचारलं.

"काय न्हाय. भरमातलं बोलनं."

रामजी खोटं बोलला. का बोलला, त्याचं कारण जुनं होतं. सत्तावन्न साली त्याच्या वाडीने धम्म घेतला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. वाडीतल्या सगळ्यांनी घरातले देव टोपलीत भरले आणि खाडीवर नेले. ओहोटी लागायची वाट बघितली, म्हणजे पाण्याबरोबर जातील आणि परत येणार नाहीत. टोपली रिकामी करून रामजीचा बाप म्हणाला होता, "ह्याच्याबरोबर मागचं सगळं गेलं. आता ते कोनी तोंडात आनायचं न्हाय. पोरांच्या कानावर जायचं न्हाय."

वाडीने तो शब्द पाळला. पोरांना वंदना शिकवली, शाळेत घातलं, जयंतीला भाषणं करायला उभं केलं. तळ्याचा सत्याग्रह कसा झाला ते पोरं पुस्तकातून घडाघडा सांगायची. पण आपली आजी पाणी कुठून आणायची, हे घरात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. रामजीचं लग्न पासष्ट साली झालं. भिमाबाई खाडीपलीकडच्या गावची. तिच्या गावात विहीर कुणाची होती, हे त्याने अठ्ठावन्न वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिनेही त्याला नाही. दोघांना वाटायचं, ही आपली सभ्यता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिने पाणी पिणं बंद केलं.

सकाळी जयमालाने पेला पुढे केला. भिमाबाईने पेल्याकडे बघितलं, पेल्याला हात लावला नाही. दोन्ही हात जोडून ओंजळ केली, तोंडाशी नेली आणि मान वर करून थांबली. जयमालाला वाटलं पेलाच हवा आहे; तिने तो ओंजळीत ठेवला. निखारा पडावा तशी भिमाबाईने हात झटकले. पेला खणखणत अंगणात घरंगळला.

"बाटलं! बाटलं गं बाय! मी न्हाय लावला हात, तुम्हीच ठेवलात!"

रामजी दारात उभा होता. त्याने ती ओंजळ बघितली. त्याच्या स्वतःच्या तळहातांना ती आठवत होती.

"आईंना काय हवंय, बाबा?"

"तहान न्हाय तिला. दुपारी पील."

दुपारी त्याने स्वतः पेला घेतला. आधी आपण अर्धा प्यायला, तिला दाखवून, मग तिच्यापुढे धरला. ती त्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघत होती, खिशातल्या पेनाकडे बघत होती.

"खोतदादा," ती म्हणाली, "आमी मागं बसलोय. कवाच्या बसलोय."

"मी खोत न्हाय! मी रामजी. भिमा, बघ माझ्याकडं. ऊठ, घरात चल. हे तुझं घर हाय. तू कोन हायस?"

"सोनीची पोर. म्हारवाड्यातली."

हा शब्द त्याच्या घरात कधी बोलला गेला नव्हता. रामजीने तिची हनुवटी धरली आणि पेला तिच्या ओठांवर दाबला. तिने दात आवळले. पाणी गळ्यावरून चोळीत गेलं, पेल्याच्या कडेने ओठ फाटला. ती ओरडली नाही. मार खायची सवय असलेल्या पोरासारखी डोळे मिटून गप्प राहिली. रामजीने हात काढला, तेव्हा त्याच्या बोटांवर थोडं रक्त होतं.

दुसऱ्या दिवशी बोर्लीला नेऊन सलाईन लावलं. तिने तासाभरात सुई उपटली. परत लावली, परत उपटली. डॉक्टर म्हणाले, हात बांधून ठेवावे लागतील. रामजीने नको म्हणून सांगितलं. मग तोंडाने पाणी गेलं पाहिजे, कसंही करून, डॉक्टर म्हणाले. जयमालाने चमच्याने दिलं, ओला कपडा ओठांवर धरला, नारळपाणी आणलं. ओठ मिटलेले. घरी आणल्यावर भिमाबाई परत अंगणात जाऊन बसली आणि ओंजळ करून थांबली. हात थकले की खाली घ्यायची. कुणी पायरीवर आलं की परत वर करायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी जयमालाने सासूच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. अंगणवाडीत जुलाब झालेल्या पोरांची बघतात तशी. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेना. ती आत आली आणि रामजीच्या समोर उभी राहिली.

"बाबा, ह्या उद्याचा दिवस काढत नाहीत. तुम्हाला काहीतरी माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही."

 मग रामजीने सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं. आम्हाला विहिरीवर चढायची बंदी होती. घागर घेऊन लांब बसायचं. वरच्या जातीची कुणी बाई आली की म्हणायचं, पानी वाढा बाय, पानी वाढा. तिला वाटलं तर ती वरून घागरीत ओतायची. वाटलं नाही तर नाही. तहान लागली असली तर ओंजळ धरायची. भांड्याला हात लागला तर मार.

 जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती तशी रडत बसणारी नव्हती.

"मग ओता ना."

"काय?"

"वरून ओता. त्या तेवढ्यासाठी थांबल्यात. तीन दिवस झाले, त्या हात धरून थांबल्यात आणि तुम्हाला माहीत होतं."

"माझ्या घरात कोनाला वरनं पानी वाढलं जानार न्हाय," रामजी म्हणाला. "एकवीस वर्षं गावाला पानी दिलं मी. नळानं. ज्याच्या त्याच्या घरात. ह्या हातांनी वरनं ओतू? माझ्या बायकोला?"

"आणि पाण्याशिवाय मेल्या, तर ते चालेल तुमच्या घरात?"

 जयमालाने तांब्या उचलला.

"द्या, मी ओतते."

"न्हाय," रामजी एकदम उठला. "तुझ्या हातानं न्हाय. तुझ्या हाताला हे शिकवायचं न्हाय. आन इकडं."

तो तांब्या घेऊन पायरीवर आला. भिमाबाईने पावलं ऐकली आणि ओंजळ वर केली. किती उंचावरून धरायचं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. शिंतोडा उडून परत भांड्याला लागणार नाही इतकं. पण त्याने हे कायम खालून बघितलं होतं. वरून ओंजळ किती लहान दिसते, हे त्याला त्या दिवशी समजलं.

"वाढा, दादा," भिमाबाई म्हणाली.

त्याने धार सोडली. ती प्यायली. घटघट, मध्ये श्वास न घेता, कोपरांवरून पाणी गळत होतं आणि फाटक्या ओठाला झोंबत असणार, पण ती थांबली नाही. तांब्या संपला. जयमालाने दुसरा आणून दिला. तोही अर्धा संपला. मग भिमाबाईने शेजारच्या मोकळ्या जागेकडे मान केली.

"ठमीला पन वाढा, दादा. ल्हान हाय ती. हात न्हाय लावनार. मी बघते ना."

रामजीने जयमालाकडे बघितलं. जयमालाने त्याच्याकडे. मग त्याने धार थोडी बाजूला घेतली आणि उरलेलं पाणी रिकाम्या जमिनीवर ओतलं.

"तुमची गुरंवासरं सुखी ऱ्हावोत, दादा," भिमाबाई समाधानाने म्हणाली.

"ठमी कोण?" आत आल्यावर जयमालाने विचारलं.

"म्हाईत न्हाय."

अठ्ठावन्न वर्षं संसार केलेल्या माणसाला हे सांगताना लाज वाटली.

त्यानंतर दिवसातून चार-पाच वेळा तो पायरीवर उभा राहून ओतायचा. भाताची पातळ पेज करून, तीही तशीच, केळीच्या पानाच्या द्रोणात वरून. दर वेळी ठमीचा वाटा ओतायचा. दर वेळी गुरावासरांचा आशीर्वाद घ्यायचा, ज्या गुरावासरांचं त्याच्या सात पिढ्यांत नावही नव्हतं. आणि ओतता ओतता तो विचारायचा. खोत होऊन विचारायचा, कारण रामजीला ती उत्तर देत नव्हती.

"ठमी तुझी कोन गं?"

"भन. धाकली."

"कुटं असती?"

एका दिवशी ती म्हणाली, ठमीने वाढणाऱ्या बाईच्या घागरीला हात लावला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ठमीने नाही, मी लावला, नाव तिचं सांगितलं. ती चार वर्षांची आहे, तिला मारणार नाहीत असं मला वाटलं. पुढे काय झालं ते कधी धड आलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "तवापासनं आमाला पानी न्हाय वाढलंत तुमी. तिला ताप होता." आणि परत ओंजळ वर केली.

रामजीने हिशेब लावला, तेव्हा भिमाबाई नऊ-दहा वर्षांची असावी. म्हणजे सत्तर वर्षं हे तिच्या तळाशी होतं. त्यावर लग्न झालं, पोरं झाली, स्लॅब पडला, नातीचं लग्न झालं. ती हसली, भांडली, रेशनच्या रांगेत उभी राहिली. अजित तापाने फणफणला की ती रात्रभर चमच्याने पाणी पाजत बसायची आणि रामजी चिडवायचा, एवढं पानी पाजून पोराचा मासा करशील. ती हसायची नाही. ते त्याला आता आठवलं.

अजित रविवारी आला तेव्हा बाप पायरीवर उभा होता आणि आई खाली. त्याने बॅग टाकली आणि तांब्या हिसकावला.

"बाबा! काय चाललंय हे? लोक बघतायत! जयमाला, तुला पण कळत नाही?"

"ती असंच पिते," रामजी म्हणाला.

"मी ह्या गोष्टी पुस्तकात वाचल्यात, बाबा! आणि तुम्ही घरात…"

"मी न्हाय वाचल्या."

अजित आईपुढे मांडी घालून बसला, तांब्या तिच्या हाताशी नेला. "आई, घे ना गं. मी आहे." भिमाबाई सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली. तो तासभर बसून होता. ऊन आलं तरी उठला नाही. शेवटी त्याने तांब्या बापाच्या हातात परत दिला आणि मागच्या दारी जाऊन उभा राहिला. धारेचा आवाज थांबेपर्यंत तो पुढे आला नाही.

पाणी प्यायला लागल्यावर भिमाबाई एकोणीस दिवस जगली. शेवटी लघवी बंद झाली, अंगावर सूज आली. डॉक्टर म्हणाले, वय होतं, पण किडन्यांना ते तीन दिवस बाधले. सहज म्हणाले, कागद लिहिता लिहिता. जयमाला बाजूलाच होती. तिने हे कुणाला सांगितलं नाही, अजितलाही नाही. पण रामजीने ऐकलं होतं. स्वतःचं कालचं जेवण त्याला आठवत नाही आता. जेवलो का, असं तो दोनदा विचारतो. ते तीन दिवस मात्र तासातासाने आठवतात.

जलदान विधीच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी भिमाबाईचा. नातीच्या लग्नातला, हिरव्या साडीतला. वाडी जमली होती. मधल्या आळीतून नीराबाई आली होती, मागे खुर्चीवर बसली होती.

बोर्लीहून आलेले बौद्धाचार्य तरुण होते, शाळेत शिक्षक. वंदना झाली. मग त्यांनी रामजीच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या दिला आणि समोर ताटात रिकामी वाटी ठेवली. गाथा चालू असताना घरच्याने संथ धार धरायची, वाटी भरून वाहीपर्यंत. जिवंत माणसांनी गेलेल्याला दिलेलं पाणी.

रामजीने तांब्याची कड वाटीच्या कडेला टेकवली आणि ओतायला लागला.

बौद्धाचार्य वाकून हळूच म्हणाले, "आजोबा, थोडं वरून धरा. धार दिसू द्या."

"न्हाय," रामजी म्हणाला.

"भांड्याला भांडं लागतंय…"

"लागू दे."

बौद्धाचार्यांनी अजितकडे बघितलं. अजितने मानेने नको म्हटलं. गाथा पुढे चालू राहिली. तांब्याची कड वाटीवर किणकिणत होती, पण रामजीने ती उचलली नाही. वाटी भरली, पाणी ताटात उतरलं. तांब्यात अजून अर्धं होतं.

"दुसरी वाटी आन," तो जयमालाला म्हणाला.

"कुणासाठी, आजोबा?" बौद्धाचार्यांनी विचारलं. "नाव घ्यावं लागेल."

रामजीने मांडवाकडे वळून बघितलं. मागच्या रांगेत नीराबाई मान खाली घालून बसली होती. पुढे वाडीतली पोरं होती, ज्यांच्या कानावर हे जायचं नव्हतं.

"ठमी," तो मोठ्याने म्हणाला. "भिमाबाईची धाकटी भन. चार वर्सांची. पान्यावाचून मेली."

जयमालाने वाटी आणून ठेवली. त्याने तांब्या परत टेकवला.